उरलेलं वाक्य

"ताई, बाहेर एक बाई बसल्यात. पाणी दिलं तर कप फिरवून भिंतीकडं तोंड करून ठेवला. पीत नाहीत. म्हणतात, इथं कापायचं काम जो करतो त्याला बोलवा."

दाराशी बसणारी मुलगी नवीन होती. घाबरली होती. कात्रीताईनं कानावरचे हेडफोन काढून गळ्यात सोडले आणि ती उठली.

कात्रीताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. व्हिडिओ जोडायचं-कापायचं काम ती करायची, म्हणून पोरांनी ठेवलेलं. ऑफिसातली सगळी पंचविशीच्या आतबाहेरची, आणि ही एकटी चाळिशीची. "ताई, तुमच्या काळी फिल्म दातांनी तोडायचे का हो?" असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "नाही रे राजा, लांबलेल्या जिभा कापायचो. ये, दाखवते." पोरं हसायची. डबा विसरला की तिच्याच डब्यात हात घालायची.

बाहेर कोचाच्या अगदी कडेला, उठायच्या तयारीत बसावं तशी ती बाई बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. समोरच्या टेबलावर कप. तो कप कात्रीताईला पाठमोराही ओळखता आला. ऑफिसात सगळीकडं तेच कप होते, दुकानांतूनही विकले जात. त्यावर एका हडकुळ्या मुलाचं रेखाचित्र आणि खाली ओळ: 'मला घरी जायची लाज वाटते.'

"तू कापतेस?"

"हो, मीच."

बाईनं हनुवटीनं कपाकडं खूण केली. "मी त्याची आई."

कात्रीताई समोरची खुर्ची ओढून बसली.

हे चॅनेल तरुणांनी तरुणांसाठी काढलेलं. सुरुवात झाली ती पंक्चरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. खिडकीला घोंगडी, खालून हवा भरायच्या यंत्राची धडधड. कॅमेरा घेऊन फिरणारा एक उत्साही मुलगा, ज्याला सगळे कप्तान म्हणायचे, आणि लग्नाचे व्हिडिओ करणारा स्टुडिओ बंद पडल्यामुळं रिकामी झालेली कात्रीताई. पहिली मालिका काढली तिचं नाव 'घरी सांगू नका'. रस्त्यात मुलामुलींना थांबवायचं आणि विचारायचं, घरी काय सांगत नाहीस? बरेच जण हसण्यावारी न्यायचे. हा एक मुलगा हसला नाही. उन्हानं लाल झालेला, खांद्यावर बॅग. म्हणाला, "मला घरी जायची लाज वाटते." तिथं कात्रीताईनं कापलं.

आणि त्या एका वाक्यानं दिवस पालटले. पोरं ते एकमेकांना पाठवायला लागली, परीक्षेत नापास झालं की, नोकरी गेली की, नुसता उशीर झाला की. ते शर्टावर आलं, कपावर आलं. दोन खोल्या सुटल्या, हा काचेचा मजला आला. "या एका वाक्यावर ही इमारत उभी आहे," असं कप्तान पाहुण्यांना सांगायचा. पूर्वी ती त्याला अरे म्हणायची, आता चारचौघांत सर म्हणायची.

"शेजारीण दाखवायला आली," आई सांगत होती. आवाज चढा नव्हता, भाजीचा भाव सांगावा तसा होता. "म्हणाली, बघा, तुमचा लेक काय बोलतोय. गल्लीतली कार्टी त्याच्या मागं तेच ओरडत फिरायची. आम्हाला सांगितलं होतं ऑफिसात आहे. आणि हा गोदामात खोकी ढकलत होता. त्याचं मला काही नाही गं. कष्टाला काय लाज? पण घरी यायची लाज? मी काय त्याला उंबऱ्याबाहेर उभं केलं होतं?"

"मावशी…"

"ऐक आधी. मी विचारलं त्याला. तर म्हणाला, आई, मी पुढंही बोललो होतो, त्यांनी कापलंय. मी म्हटलं, खोटारडा मेला, दुसऱ्यावर ढकलतोस? तोंड बघायचं नाही मला तुझं. तशीच बॅग उचलली त्यानं. दुसऱ्या गावी गेला, तिथं कावीळ झाली. अंगावर काढली. निरोप आला तेव्हा मी पोचून उपयोग नव्हता."

दाराशी बसणारी मुलगी नुसतीच फोनच्या बटणांवरून बोट फिरवत होती.

"आता मी ते रोज ऐकते," आई म्हणाली. "ऐकून ऐकून एक कळलं. बोलणं संपलं की माणूस श्वास सोडतो. माझ्या लेकानं शेवटाला श्वास घेतलाय. मग पडद्यावर तुमचं ते काळं येतं. म्हणून आले. पुढं बोलला होता का तो? काय बोलला होता? मला तेवढं ऐकव, मी जाते."

जुनी माणसं सांगतात, शब्द वाया जात नाही. अर्धा टाकलेला शब्द पूर्ण व्हायची वाट बघत भगवंताच्या दारी तिष्ठत बसतो. कात्रीताईनं आजवर असे किती शब्द तिथं बसवून ठेवले होते, त्याचा हिशेब तोच जाणे.

"शोधते," ती म्हणाली. पण उठतानाच तिला ठाऊक होतं की शोधायला काही नाही. जागा बदलली तेव्हा जुन्या डिस्क कमी पडत होत्या. मूळ चित्रण पुसून त्या नव्या कामाला घेतल्या होत्या, आणि पुसणारी तीच होती. मुलगा पुढं काय बोलला ते तिनं तेव्हा ऐकलं असणार. पण त्यानंतर हजारो तोंडं तिच्या हाताखालून गेली. शब्द गेले होते. आठवत होता फक्त आकार. संगणकावर आवाजाची रेघ दिसते ना, बोलणं असेल तिथं डोंगर, गप्प असेल तिथं सपाट. तिनं कापलं त्या जागेपुढं डोंगर होते. बऱ्यापैकी लांबवर.

कप्तानच्या खोलीत तिनं सगळं सांगितलं. तो ऐकता ऐकता खुर्चीतून उठला.

"ताई, त्या माउलीला बसवून घ्या. जाऊ देऊ नका."

"कशाला?"

"कशाला काय? सोमवारी पैसे लावणारी मंडळी येतायत. ज्या वाक्यानं आपण मोठे झालो ते आई पहिल्यांदा पूर्ण ऐकते! अहो, दगडालाही पाझर फुटेल."

"चित्रण पुसलंय, सर. मी पुसलंय."

"आवाज तर आहे ना त्याचा?" कप्ताननं खुर्ची पुढं ओढली. आवाज खाली आला, पूर्वी दोन खोल्यांत असायचा तसा. "हे बघ ताई, आपल्या पोरांना सांगितलं तर घटकेत बनवतील. त्याचाच आवाज. 'पण आई वाट बघते, म्हणून जातो.' एवढंच. खोटं आहे का सांग. त्याच्या मनात हे नसेलच कशावरून? ती बाई रोज रडते, ती आज सुखानं झोपेल. कुणाचं काय बिघडलं?"

कप्तान वाईट नव्हता, हीच तर अडचण होती. कात्रीताईचे वडील आजारी होते तेव्हा यानं न मागता गाडी पाठवली होती. आणि तो म्हणत होता ते तिलाही पटत होतं. एका आईचा जीव थंड करणारं खोटं आणि जाळणारं खरं, यातलं देवाला कुठलं आवडत असेल? तिनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. बाहेर येऊन पोरांच्या पाठीमागं उभी राहिली.

त्यांनी बनवलं. एकदा जमलं नाही, दुसऱ्यांदा जमलं. "ताई, बघा, श्वाससुद्धा बरोबर बसलाय!" असं म्हणून पोरानं हेडफोन पुढं केले. तिनं ऐकलं. मला घरी जायची लाज वाटते… पण आई वाट बघते, म्हणून जातो. शेवटाला सोडलेला श्वास. तिच्या अंगावर काटा आला, इतकं ते छान होतं.

तोवर आईला दिव्यांखाली खुर्चीत बसवलं होतं. पदराशी माईक लावला होता. कुणीतरी विचारलं होतं, "मावशी, रेकॉर्ड केलं तर चालेल ना?" आणि ती म्हणाली होती, "काहीही करा बाबांनो, ऐकवा म्हणजे झालं." हेडफोन तिला मोठे होत होते. तिनं ते दोन्ही हातांनी कानांशी दाबून धरले. कॅमेऱ्यामागं कप्तान उभा होता. त्यानं मान हलवली. बटण कात्रीताईच्या हाताशी होतं.

आईनं एक हेडफोन बाजूला केला.

"पोरी, तू ऐकलंस?"

"ऐकलं."

"त्याचंच आहे ना?"

किती साधा प्रश्न. देव परीक्षा घेतो तेव्हा प्रश्न असलेच काढतो, एका शब्दात उत्तर येणारे.

"नाही," कात्रीताई म्हणाली.

"ताई!" कप्तान ओरडला, आणि लगेच हळू आवाजात कॅमेरेवाल्याला म्हणाला, "बंद करू नकोस."

"मावशी, हे यंत्रानं बनवलंय. त्याच्या आवाजासारखं. त्याचं खरं बोलणं माझ्याकडून पुसलं गेलं. काय होतं ते मला आठवत नाही. पाया पडून सांगते, आठवत नाही. पण होतं. मीच कापलं. तो पुढं बोलला होता, आणि बरंच बोलला होता."

आईनं हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"म्हणजे खरं सांगत होता."

"हो."

"खोटं नव्हता बोलला."

"नाही."

दिवे तापले होते. कात्रीताईला वाटलं होतं, बाई रडेल, शिव्या देईल, निदान सुटल्यासारखा उसासा टाकेल. आईच्या चेहऱ्यावर मात्र काहीतरी हळूहळू खाली बसत गेलं, भिंत खचते तसं.

"मग मी त्याला खोटारडा म्हटलं ते…" ती म्हणाली, आणि पुढचं तिला जुळवता आलं नाही.

अर्धं वाक्य ऐकवून सोडणं म्हणजे भरल्या ताटावरून माणूस उठवणं. आज कात्रीताईनं त्याच ताटावरून त्याच्या आईलाही उठवलं होतं, आणि दुसरं काही वाढायला तिच्या हातात नव्हतं. तिनं पुढं होऊन पदराचा माईक काढला. चिमटा निघेना. शेवटी आईनंच तो काढून तिच्या हातात दिला.

"हे आपण कुठंही दाखवायचं नाही," कात्रीताई कप्तानकडं न बघता म्हणाली.

"उद्या बोलू," कप्तान म्हणाला. "तुझ्याबद्दलही बोलू."

"बोल," ती म्हणाली. चारचौघांत, किती वर्षांनी, अरे-तुरे आलं. कुणी हसलं नाही.

आई पिशवी घेऊन उठली. खुर्ची ओढून आणली होती ती तिनं परत भिंतीशी नेऊन लावली. दारापाशी कात्रीताई म्हणाली, "मावशी, तो व्हिडिओ मी काढून टाकते. नोकरी गेली तरी आज काढते. त्याचं ते अर्धं कुणी ऐकायला नको."

आई थबकली. "नको गं."

"अहो, पण…"

"नको. त्यात तो बोलतो. माझ्याकडं फोटो आहेत, पण फोटो बोलतात का? तुझ्याकडं तेवढाच आहे ना तो?"

"तेवढाच."

"मग राहू दे. कार्टी हसतात तर हसू देत."

लिफ्टच्या आरशात दोघी दिसत होत्या, म्हणून दोघी खाली बघत होत्या. बाहेर संध्याकाळची गर्दी सुटली होती. बस थांबा रस्त्याच्या पलीकडं होता. ऑफिसातून सुटलेली तरुण मुलं कानांत हेडफोनचे बोळे घालून, स्वतःशीच हसत, घोळक्यानं चालली होती. एकाच्या शर्टावर ती ओळ होती. आईनं ती वाचली. त्या मुलाच्या तोंडाकडं जरा वेळ बघितलं, जेवलाबिवला आहे की नाही असं बघावं तसं.

गाड्या थांबेनात. कात्रीताई फुटपाथच्या कडेला नुसतीच उभी होती. डोळे भरून आल्यामुळं तिला दिवे लांबट दिसत होते, कुठली गाडी कुठं आहे ते कळत नव्हतं. एकदा तिनं पाऊल टाकलं आणि हॉर्नच्या आवाजानं मागं घेतलं.

"अगं, अगं, कुठं बघतेस?" आई म्हणाली.

तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. लहान मुलाचं धरावं तसं कात्रीताईचं मनगट घट्ट धरलं, दोन्हीकडं नीट पाहिलं, दुसरा हात गाड्यांना दाखवत उंच केला आणि तिला ओढत पलीकडं नेऊ लागली.