परसातली हुली

धनाजी गवंड्यानं कुदळ टाकली आन् चार पावलं मागं सरला.

"वहिनी, काम बंद. मी आता एक घाव घालणार न्हाय."

मी चुलीपुढनं तशीच उठले, दोन्ही हात पिठानं भरलेले. डोकंच फिरलं माझं. चार वर्षं, हो, चार वर्षं त्या परसातल्या कोपऱ्यासाठी मी सासऱ्यांसंग भांडले होते! माझा कडक भाकरीचा धंदा. पाच बायका माझ्या एवढ्याशा सैपाकघरात धुरात डोळे चोळत भाकरी थापतात, आन् उमरग्याच्या हायवेवरचे हॉटेलवाले आणखी मागतात. मला भाकरीची वेगळी खोली पाहिजे होती. आमचे सासरे, बंडप्पामामा, म्हणायचे, "कुठंबी बांध, त्या कोपऱ्यात न्हाय." आता मुरुम गावातलं आमचं घर ते केवढं! दुसरी जागा आणायची कुठनं? कारण विचारलं की मामा तोंड फिरवायचे. शेवटी आमच्या ह्यांनी धीर केला, धनाजीला बोलावलं आन् स्वतः बाजाराला निघून गेले. आन् पयल्याच दिवशी हे.

धनाजीच्या तळहातावर अंगठ्याएवढा काळा दगड होता. बूड सपाट, वरनं घुमटागत गोल.

हुबेहूब लिंग! आमच्या लिंगायतांत माणूस गेला की पुरतात, आन् त्याच्या गळ्यातलं लिंग त्याच्यासंगच मातीत जातं. मग मातीतनं लिंग वर आलं म्हणजे खाली कोण झोपलंय? भाकरीवाल्या बायकांनी पदर डोक्यावर घेतले. एकीनं तर हात जोडून चपलाबी काढल्या.

ओसरीवरच्या बाजेवरनं मामांचा आवाज आला, "थडगं हाय तिथं. बुजवून टाका."

"कुणाचं थडगं, मामा? आपल्या परसात कुणाला पुरलंय कधी?"

"हाय म्हनलं ना!" म्हणाले आन् भिंतीकडं तोंड करून निजले.

मी शांतलिंग स्वामींना बोलावणं धाडलं. लग्नाला, मातीला आमच्याकडं तेच येतात. बिचारे हातातलं काम टाकून आले. दगड डाव्या तळहातावर घेतला, उजेडात धरून लई वेळ बघितला.

"आई, मला लिंग वाटत न्हाय. पर न्हायच असंबी छातीठोक सांगवत न्हाय. आठ दिवस थांबा, मी मठात दाखवून आणतो."

"आठ दिवसांनी मी हैदराबादेत असणार," धनाजी म्हणाला. "तिकडचं काम धरलंय. मग दिवाळीनंतरच बघू."

म्हणजे झालं कल्याण! दिवाळीपर्यंत या पाचजणी धुरात थांबतात व्हय? दोघींना दुसरीकडनं बोलावणं आलंच होतं. मी म्हणाले, "स्वामी, अर्धा तास द्या मला. चहा घ्या निवांत." स्वामी हसले आन् बसले.

मी चिंचेचं पाणी केलं. आधी स्वामींनाच विचारलं, धुतलं तर चालंल का? ते म्हणाले, लिंगाला तर आपण रोज आंघोळ घालतो. मग मी जी घासायला लागले, बायका माझ्याभोवती गोळा. माती सुटली, काळा दगड चकाकायला लागला. आन् वरच्या अंगाला दोन बारके उंचवटे दिसले! मुद्दाम कोरलेले, एकासारखा एक.

"स्वामी!" मी ओरडलेच. "लिंगाला कान असतात का हो?"

स्वामींनी चहाची बशी खाली ठेवली. "कान? कुठंयत कान?"

तेवढ्यात दारात बिराप्पा उभा. त्याची मेंढरं तीन दिवस आमच्या रानात खतासाठी बसवलेली, म्हणून भाकरी आमच्या घरनं. सत्तरीचा गडी, काठी टेकवत आत आला, माझ्या हातातला दगड बघितला आन् भाकरी विसरून खाली बसकण मारली.

"आरं तिच्या! हुली हाय की ही!"

हुली म्हणजे कानडीत वाघ. आमच्याकडं दोन्ही भाषा चालतात, त्यामुळं शब्द कळला, पर अर्थ डोक्यात शिरंना.

"वाघ-मेंढराच्या खेळातला वाघ, वयनी! तीन वाघ, पंधरा मेंढरं. वाघानं उडी मारून मेंढरू खायाचं, मेंढरांनी मिळून वाघाला कोंडायचं. आमी रानात साधे खडे घेतो. ही कुनी तरी हौसेनं घडवलीय."

"कशावरनं?" मी विचारलं. मला एकदम विश्वास ठेवायची भीती वाटत होती.

त्यानं दगड उलटा केला. "बूड बघा. किती घासलंय, रेघा पडल्यात. लिंग कुनी फरशीवर सरकवतं व्हय?"

स्वामींनी बोट फिरवून बघितलं आन् खुशीत मान हलवली. बिराप्पानं चुलीतला कोळसा उचलून ओसरीच्या फरशीवर त्रिकोण काढला, आत रेघा ओढल्या. "खेळूनच दावतो." वाघ एक हा, बाकीच्या दोन सुपाऱ्या. मेंढरं म्हणून मी पंधरा शेंगा मोजून घेतल्या. एकेक शेंग मांडायची, मधनं त्याचा वाघ हलायचा. आठ शेंगा मांडल्या न्हाय तोवर त्यानं माझी दोन मेंढरं गट्टम केली, खरोखर सोलून खाल्ली! बायका खिदळायला लागल्या. मला आला राग. तिसरं मेंढरू धोक्यात दिसलं तसं मी ते झटकन बाजूला सरकवलं.

"अगं, सगळी उतरल्याबिगर बसलेलं मेंढरू हलवायचं न्हाय! पयलं मागचं घर बंद कर!"

बिराप्पा न्हवता बोलला. स्वामीबी न्हवते. आम्ही सगळ्यांनी बाजेकडं बघितलं. मामा उठून बसले होते आन् त्यांचं बोट पटाकडं रोखलेलं होतं.

"मामा, तुम्हाला येतो हा खेळ?"

मामांनी बोट मागं घेतलं. माझ्या तोंडाला काही लगाम न्हाय, मी सुटलेच. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं! बघितल्याबरोबर वळखलं तुम्ही, आन् थडगं हाय म्हणून आम्हाला घाबरवलं! चार वर्षं मला नाचवलंत, मामा!"

"थडगं हाय म्हनलो ते खोटं न्हवतं," मामा म्हणाले.

मग ते हळूहळू बोलले. त्यांची थोरली बहीण, उमाक्का. तीन वाघ तिनंच घासून घासून घडवले होते. ती कायम मेंढरं घ्यायची आन् मामांच्या वाघांना कोंडायची. एकदाबी मामा जिंकले न्हायत. पंधराव्या वर्षी तिचं लग्न झालं, आन् पयल्याच बाळंतपणात गेली. तिचं सासर लांब तिकडं कर्नाटकात, पुरली तीबी तिकडंच. दहा वर्षांच्या मामांना कुणी नेलं न्हाय. त्यांनी वाघ परसात नेऊन पुरले.

"मला तिची माती तेवढीच मिळाली," मामा म्हणाले.

माझा सगळा राग कुठल्या कुठं गेला. लई वाईट वाटलं. "एकदा तरी सांगायचं हो मामा."

"म्हातारा खेळन्यासाठी रडतोय म्हनली असतीस."

म्हणालेच असते मी. माझं मला ठाऊक हाय.

"धनाजी, खड्डा बुजव," मी म्हणाले. जीव तुटत होता, पर म्हणाले. "मी दुसरं काही तरी बघते."

"कुनी सांगितलं तुला बुजवायला?" मामा एकदम खेकसले. बाजेवरनं उतरले, अनवाणीच परसात गेले आन् खड्ड्याच्या कडेला काठी टेकवली. "इथं. हातभर खाली. आनखी दोन हायत. कुदळ नको, खुरपं घे."

धनाजी गुडघ्यावर बसला. आम्ही सगळ्या बायका, स्वामी, बिराप्पा, वाकून बघत उभे. एक निघाला! मग दुसरा! बायकांनी टाळ्या पिटल्या, मी तर ओरडले. मामांनी दोन्ही दगड धोतराच्या सोग्यानं पुसले.

"आता पाया भर," ते धनाजीला म्हणाले, आन् मग माझ्याकडं वळले. "शेंगा आन नव्या. आन् ऐक, मेंढरं मी घेनार."