मागच्या तारखेचा मेल

"पुन्हा वाचा," कालदर्शी म्हणाला. "तारखेसकट वाचा."

शिंपीकाकांनी मोबाइल डोळ्यांपासून लांब धरला आणि आधी तारीख वाचली, मग मजकूर. "कापडाला पाण्याचं भय आहे. वर लक्ष ठेवा." काकांच्या दुकानावरची टाकी फुटली आणि शिवायला आलेले सगळे कपडे भिजले, ते त्या तारखेनंतर चार दिवसांनी. म्हणजे इशारा आधीच येऊन पडला होता, आणि काकांनी तो उघडलाच नव्हता.

गाद्यांच्या दुकानावरचा तो भाड्याचा हॉल गच्च भरला होता. घडीच्या खुर्च्या संपल्या म्हणून लोक भिंतीला टेकून उभे होते. मागे कुणीतरी हुंदका दिला, तशी साथ आल्यासारखे बाकीचेही डोळे पुसू लागले.

"मी काय करू, सांगा," कालदर्शी खालच्या आवाजात म्हणाला. त्याला हळू बोलायची सवय आहे, म्हणजे लोक पुढे झुकतात. "मी लिहितो, तुम्ही वाचत नाही. माणूस खोटं बोलेल, पण यंत्र बोलेल का? ही तारीख यंत्राने घातलीय. काळ नदीसारखा वाहतो, असं तुम्हाला शिकवलंय. काळ वाहत नाही. काळ हे तळं आहे. तुम्ही त्यात गटांगळ्या खाताय, आणि मी काठावर उभा आहे."

काठावर उभा असलेल्या या माणसाला 'कालदर्शी' ही पदवी कुणी दिली, असं मी शेजारच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "त्यांना ती आतून मिळाली." आतून म्हणजे कुठून, हे विचारायच्या आत ताईने मला कोपर मारलं.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. भावोजींनी साफ नकार दिल्यामुळे तिला इथे गाडीने आणायचं काम माझ्याकडे आलं होतं. ती विमा कंपनीत दावे तपासते. खोटं बिल ती वासावरून ओळखते, आणि इथे मात्र पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली ती तेव्हापासूनच.

दाराजवळच्या टेबलावर कानाला हेडफोन लावलेली एक सेविका बसली होती. भक्ताच्या घरी काही वाईट घडलं की त्याने हिला फोन करायचा आणि मन मोकळं करायचं, असा तिथला शिरस्ता. ती फार मायेने ऐकायची. ऐकता ऐकता टाइपही करायची.

गाडीत बसल्यावर ताईने पट्टा लावला आणि समोर बघत म्हणाली, "मी गुरुवारचं ऑपरेशन रद्द केलंय."

तिच्या छातीत गाठ होती. तपासणीचा तुकडा ज्या लॅबमध्ये आला, तिथेच मी नमुने घेण्याच्या खिडकीवर काम करते. रिपोर्ट मी स्वतः वाचला होता. कर्करोग, पण सुरुवातीचा. सर्जन म्हणाले होते की आत्ता काढली तर प्रश्न मिटेल, रेंगाळलात तर मिटेलच असं सांगता येणार नाही.

"का रद्द केलंस?"

"त्यांचा मेल आलाय. शस्त्र लावू नकोस, थंडी सरेपर्यंत गाठ विरघळेल."

घरी गेल्यावर जे व्हायचं ते झालं. मी ओरडले, ताई रडली, आणि भावोजी टेबलाशी बसून चमच्याने टेबलक्लॉथवर रेघा ओढत राहिले. ते लिफ्ट दुरुस्त करतात, बोलतात कमी. शेवटी म्हणाले, "लिफ्ट अडकली की मी वर बघून हात जोडत नाही गं. दार उघडतो आणि माणूस बाहेर काढतो."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं," ताई म्हणाली. "आईच्या वेळी त्यांनी मला आधी सांगितलं होतं."

आमची आई ताईकडेच राहते. उन्हाळ्यात ती बाथरूममध्ये पडली आणि तिचं मनगट मोडलं. त्या दिवशी ताईने सेविकेला फोन करून मन मोकळं केलं, आणि पुढच्या रविवारी कालदर्शी तिला म्हणाला, "मी तुला कळवलं होतं. जुने मेल बघ." ताईने बघितलं. आई पडायच्या सहा दिवस आधीच्या तारखेला, जाहिरातींच्या गर्दीत, न उघडलेला मेल होता : "घरातल्या वृद्धेला ओल्या जमिनीपासून जपा."

मनगट अजून नीट वळत नसल्याने थंडीत ताई रोज सकाळी आईच्या स्वेटरची बटणं लावायची, पण त्या मेलनंतर एकदाही तिच्या डोळ्यांत बघायची नाही. भविष्य खरं ठरल्यामुळे ती त्या माणसाकडे जात नव्हती. तो मेल वाचला नाही, या अपराधामुळे जात होती. आणि आता त्याचा दुसरा मेल न पाळायची तिची हिंमत नव्हती.

मी हात टेकले. भांडण तर्काशी असतं तर जिंकले असते. इथे पुरावाच तिच्या बाजूने होता, तारखेसकट.

दोन दिवसांनी लॅबमध्ये समोरच्या नर्सिंग होममधून फोन आला. तिथली मेट्रन तापली होती. "सकाळी मेल पाठवलाय, तुम्ही उत्तर देत नाही. पेशंटला ताटकळत ठेवलंय आम्ही."

"मेल आलेलाच नाही," मी म्हणाले.

"आला असणार. नीट बघा."

नीट बघितलं. वर कुठेच नव्हता. वैतागून नाव घालून शोधलं तर सापडला, यादीच्या पार तळाशी. त्यावरची तारीख ते नर्सिंग होम बांधायच्याही आधीची होती. आमचा कॉम्प्युटर बघणारा मेकॅनिक त्या वेळी प्रिंटरची पोटशस्त्रक्रिया करत होता. तो मान वर न करता म्हणाला, "त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरची आतली बॅटरी मेली असणार. घड्याळ भलतीकडे गेलं की मेलवर भलतीच तारीख पडते."

"पण तारीख आपल्या बाजूने पडत नाही का?"

"दिसते ती पाठवणाऱ्याची. त्याच्या मशिनमध्ये जे वाजलेले असतील ते. तुमचा प्रोग्राम तीच तारीख धरून रांग लावतो, म्हणून मेल तळाला गेला."

मी तशीच खुर्चीत बसून राहिले. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक बाटलीवर दोन वेळा असतात. एक, नमुना घेताना नर्सने हाताने लिहिलेली. दुसरी, खिडकीवर आल्यावर मी शिक्का मारते ती. नर्सच्या वेळेप्रमाणे कित्येकदा रक्त काढायच्या आधीच लॅबमध्ये पोचलेलं असतं. तेव्हा आम्ही काळ वाकला म्हणून डोळे पुसत नाही. नर्सला फोन करून झापतो, आणि आमचा शिक्का खरा धरतो.

"मेलवर पोचल्याचा शिक्का असतो का?" मी विचारलं.

"असतो की. वाटेतला प्रत्येक सर्व्हर आपली वेळ टाकत जातो. पोस्ट ऑफिसच समजा. मेलच्या आतल्या माहितीत सगळं लिहिलेलं असतं, कुणी उघडून बघत नाही इतकंच."

हे कित्येक महिने माझ्या टेबलावरच पडलं होतं, आणि मी ताईशी तळं आणि नदीवरून वाद घालत बसले होते. स्वतःचाच राग आला.

पुढच्या रविवारी मी आपणहून ताईला, तिच्या लॅपटॉपसकट, हॉलवर घेऊन गेले. तिला वाटलं, मी ताळ्यावर आले. कालदर्शीचं बोलणं संपल्यावर मी उभी राहिले आणि हात जोडून म्हणाले, "माझ्या बहिणीलाही एक मेल आलाय. भिंतीवरच्या पडद्यावर दाखवायचाय." कालदर्शीने प्रसन्न मान हलवली. अनुभव सांगणाऱ्याला तो कधीच नाही म्हणत नाही. ताई गोंधळली, पण तिचा लॅपटॉप पडद्याला जोडला गेला.

"ताई, गेल्या महिन्यातले मेल बघ. माझ्या नावाचा आहे का?"

होता. न उघडलेला. तिनेच तो मोठ्याने वाचला : "पुढच्या महिन्यात एका रविवारी शिंपीकाका राखाडी टोपी घालून येतील. हॉलमधला उजवीकडचा पंखा बंद असेल. आणि कालदर्शींच्या शर्टाच्या बाहीवर चहाचा डाग असेल."

लोकांनी पंखा पाहिला, टोपी पाहिली, बाही पाहिली. कालदर्शीने हात मागे घेतला. हॉलमध्ये कुजबुज वाढली. एक बाई चक्क माझ्या पाया पडायला निघाल्या.

"थांबा," मी म्हणाले. "हा मेल मी आत्ता पाठवलाय, कालदर्शी बोलत होते तेव्हा, बाहेर जिन्यात बसून. माझ्या लॅपटॉपचं घड्याळ एक महिना मागे केलं, मेल लिहिला, पाठवला. तो मागच्या तारखेचा होऊन ताईच्या जुन्या मेलमध्ये जाऊन बसला. मला तळं दिसत नाही. मला जिना दिसला."

मग मी मेकॅनिकने दाखवल्याप्रमाणे मेलच्या आतली माहिती उघडली. वर मागच्या महिन्याची तारीख, खाली सर्व्हरचा शिक्का, आजचा. "यंत्र खोटं बोलत नाही, बरोबर आहे. आपण त्याला जे घड्याळ लावून देतो तेच ते सांगतं. शिंपीकाका, तुमच्या मेलचाही शिक्का बघू या. टाकी फुटल्यावर तुम्ही त्या सेविकेला फोन केला होता ना?"

सेविकेने हेडफोन काढून ठेवला. कालदर्शी मात्र हसला, तितक्याच हळू आवाजात म्हणाला, "ज्याच्याभोवती काळच वाकतो, त्याच्या घड्याळाने तुमच्या सर्व्हरची बरोबरी का करावी?"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. शिंपीकाकांनी मोबाइल खिशात टाकला आणि मला म्हणाले, "तुम्हाला काय मिळालं यातून? आमचा एक आधार आहे, तोही बघवत नाही." सगळं पडद्यावर दिसत असताना माणसं डोळे मिटून घेतात, तेव्हा काय करायचं हे मला कुणी शिकवलेलं नाही. दोन-चार जण मागच्या दाराने गुपचूप उतरून गेले, तेवढंच.

गाडीत ताईने लॅपटॉप मांडीवर घेतला. "आईचा तो मेल. त्याचा शिक्का कसा काढायचा?"

मी दाखवलं. ती कामावर बिल तपासते तशी, बोट लावून ओळ न् ओळ वाचू लागली.

"आई पडली सकाळी," ती म्हणाली. "मी फोन केला दुपारी. आणि हा आलाय संध्याकाळी."

"हो."

"म्हणजे आई पडली तेव्हा..."

"तेव्हा वाचायला काही नव्हतंच, ताई."

तिने लॅपटॉप मिटला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी गाडी बाजूला घेतली. इतके महिने त्या माणसाने तिच्या मानेवर हे ओझं ठेवलं होतं, आणि त्याला कष्ट किती, तर घड्याळाचा काटा मागे करायचा.

सर्जननी उशिराबद्दल तिला चांगलंच फैलावर घेतलं. गाठ थोडी वाढली होती. तरी निघाली, आणि पुढचे उपचार चालू आहेत. थंडी सरली, हॉल अजून भरतो, शिंपीकाका अजून जातात. म्हणून हे लिहितेय. कुणी तारीख दाखवून तुम्हाला चमत्कार सांगितला, तर ती तारीख कुणी घातली आणि कुणाच्या घड्याळाने घातली, एवढं विचारा. विचारल्याने श्रद्धा बुडत असेल तर बुडू द्या. माणूस तरी वाचेल.

ऑपरेशनच्या सकाळी निघण्याआधी ताई आईच्या स्वेटरची बटणं लावत होती. तेव्हा तिने आईला सगळं सांगितलं, मेल, इशारा, न वाचल्याचा अपराध. आईने शांतपणे ऐकून घेतलं.

"अगं, मी त्या दिवशी तुझ्या सपाता घातल्या होत्या," आई म्हणाली. "मोठ्या होत होत्या मला, पाय आत सरकला आणि पडले. तू मला सोडून सगळ्या जगाला विचारत होतीस. मला विचारलं असतंस तर त्याच दिवशी सांगितलं असतं."

ताईने शेवटचं बटण लावलं आणि आईकडे बघितलं.