भिंतीपलीकडची सम

"तुम्ही मारलंत त्यांना," कमलाकर म्हणाला आणि त्यानं तारांचे दोन ब्रश हाउसिंग ऑफिसच्या टेबलावर ठेवले. "उन्हानं नाही, वयानं नाही. तुम्ही मारलंत. जुलैच्या रखरखाटात ऐंशीच्या माणसाला एसी बंद पडलेल्या खोलीत नेऊन टाकलंत, आणि मेल्यावर लिहिलंत काय, तर नैसर्गिक मृत्यू."

टेबलापलीकडे वैभव बसला होता. नाशिकचा, तिशीतला, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. सौदीतल्या रिफायनरीच्या या कॉलनीत कुणाला घर द्यायचं आणि कुणाचं काढून घ्यायचं हे ठरवणारे वेगळे होते. ते ठरवत, पण दिसत कधीच नसत. दिसायचा तो वैभव, आणि शिव्या खायचा तोही वैभवच. त्यानं ब्रशांकडे पाहिलं. लाकडी मुठींना लाल दोरा गुंडाळलेला, पुढे बारीक तारा, खराट्यासारख्या फाकलेल्या.

"सर, बसा ना. चहा सांगतो."

"चहा नको. नाव सांग."

"कुणाचं?"

"तक्रार करणाऱ्याचं. तक्रार झाली म्हणूनच हलवलंत ना त्यांना?"

वैभवनं पेन उचललं, पुन्हा ठेवलं. नाव सांगायची पद्धत नाही, तो म्हणाला. ॲपवर तक्रार येते, ती वर जाते, वरून निर्णय येतो. शिवाय नियम होताच. फॅमिली ब्लॉकमध्ये एकटा माणूस ठेवता येत नाही.

"इतकी वर्षं राहिले ते तिथे. तेव्हा नियम काय झोपला होता?"

"नियम झोपलेलाच असतो, सर. कुणीतरी हलवून उठवावं लागतं."

हे बोलताना त्यानं कमलाकरकडे एकदाच पाहिलं. रिपोर्ट वाचलेला कंपाउंडर पेशंटकडे बघतो, तसं. मग स्क्रीनकडे तोंड वळवून म्हणाला, "जाऊ द्या, सर. माणूस गेला. खलास."

खलास म्हणायला नको होतं. कमलाकरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस मेला तर लोक त्याला मातीत पुरतात, तुम्ही फाइलीत पुरता, असं तो ओरडला. बाहेरच्या बाकावरचे दोन फिलिपिनो मान वर करून बघायला लागले. ब्रश उचलून तो निघाला. नाव त्याला हवंच होतं. म्हाताऱ्याच्या दुसऱ्या अंगाला एक इजिप्शियन कुटुंब राहायचं, संशय तिथेच होता. पण नुसत्या संशयावर कुणाची गचांडी धरता येत नाही.

गाडीची भट्टी झाली होती. ब्रश त्यानं शेजारच्या सीटवर ठेवले, मग काय वाटलं कोण जाणे, त्यांच्यावर रुमाल टाकला.

कालपर्यंत तो म्हातारा त्याच्या लेखी नुसता बिलाल हकीम होता. काळा अमेरिकन, उंच, खांद्यात वाकलेला. कंपनीच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये इंग्रजी शिकवायला आलेला आणि निवृत्त झाल्यावरही इथेच राहिलेला. जिन्यात भेटला की छातीवर हात ठेवून सलाम करायचा. कमलाकर मान हलवायचा. एवढाच संबंध. कॉलनीत माणसं भिंतीला भिंत लावून राहतात, आणि एकमेकांना काही सांगायचं झालं तर ऑफिसमार्फत सांगतात. त्याला सभ्यपणा म्हणतात.

काल गफूर दारात आला. गफूर मूळ हर्णैचा, राबिघच्या बाजारात त्याचं शिवणकामाचं दुकान. परक्या मुलखात कुणाची मयत अडली की धावून जाणारा. जुम्म्याला बिलालचाचा मशिदीत दिसले नाहीत म्हणून हायवेपलीकडच्या बॅचलर ब्लॉकमध्ये जाऊन दार फोडायला लावणारा तोच, आणि चाचांना शेवटची आंघोळ घालणाराही तोच. दफन उरकून तो एक पिशवी घेऊन आला होता. चाचा सांगून ठेवायचे म्हणे, माझं काही झालं तर हे बाजूच्या साहेबांना द्या.

पिशवीत ड्रमवर फिरवायचे हे ब्रश होते आणि एक फोटो. फोटोत पाच जण, मागे ड्रमसेट, ड्रमसेटमागे एक कोवळ्या चेहऱ्याचा माणूस डोळे मिटून बसलेला. कमलाकरनं फोटो पाहिला आणि आत जाऊन कपाटातून एक रेकॉर्ड आणली. तिच्या कव्हरच्या मागच्या बाजूला हाच फोटो होता. खाली छापलेलं नाव: डेल्मार पर्किन्स, ड्रम्स.

हे नाव ज्याच्यापुढे उच्चारावं असा एक माणूस कमलाकरला साऱ्या राबिघमध्ये सापडला नव्हता. कॉलेजात असताना पुण्याच्या जुन्या बाजारात, गंजक्या पान्यांच्या आणि बिनझाकणाच्या कुकरांच्या ढिगात त्याला पर्किन्सची पहिली रेकॉर्ड मिळाली. ड्रम म्हणजे धिंगाणा अशी त्याची समजूत होती. हा माणूस कुजबुजायचा. झांजेवर ब्रश असा ओढायचा की जणू पहाटे कुणी अंगण झाडतंय. आणि सम आली की बाकीचे वाजवणारे तिच्यावर धाडकन पडत, हा मात्र नेमका तिथे हात उचलून घेई. सम रिकामी, ऐकणाऱ्याचं काळीज अधांतरी. लहानपणी कमलाकर तबला शिकला होता. असं केलं असतं तर गुरुजींनी पट्टी हाणली असती. पण पर्किन्सची ती चूक वाटत नसे. कुणासाठी तरी पाट मांडून ठेवावा तशी वाटे.

मग त्यानं या माणसाचा पिच्छाच पुरवला. स्वतःच्या नावावर सहाच रेकॉर्डी, दुसऱ्यांच्या मागे बसून वाजवलेल्या कितीतरी. सेंट लुईसच्या दारूगुत्त्यांत जॅझ वाजवत सुरुवात, न्यूयॉर्कला नाव झालं, मग क्लब बंद पडत गेले. कंपन्यांनी गिटारवाली गोरी पोरं उचलली आणि याला उष्ट्या पत्रावळीसारखं टाकून दिलं. शेवटची रेकॉर्ड एका चर्चच्या तळघरात केलेली. तिच्यात कुणाचा तरी खोकला ऐकू येतो. त्यानंतर काही नाही. पुस्तकांत दोन ओळी आणि शेवटी प्रश्नचिन्ह. कुणी म्हणे दारूत गेला, कुणी म्हणे तुरुंगात. कमलाकरनं जपानपासून ब्राझीलपर्यंतच्या शौकिनांना पत्रं टाकून विचारलं होतं. आणि तो माणूस धर्म बदलून, नाव बदलून, त्याच्याच भिंतीपलीकडे कांदा चिरत होता.

दुकानात गफूरनं मशीन थांबवलं, स्टूल पुसून पुढे केलं.

"ऑफिसवाले नाव सांगत नाहीत," कमलाकर म्हणाला. "चाचा काही बोलले होते का? कुणाशी वाकडं होतं त्यांचं?"

"त्यांचं कुणाशी वाकडं होणार, साहेब? त्यांना एवढंच सांगितलं, तुमचा लोकांना त्रास होतो. कुठल्या लोकांना, ते त्यांनी पण नाही विचारलं. बिस्तरा गुंडाळला आणि निघाले." गफूरनं दातानं दोरा तोडला. "जीव मात्र त्या घरात अडकला होता. तुमच्यापायी."

"माझ्यापायी?"

"संध्याकाळी तुम्ही रेकॉर्डी लावायचात ना त्या. मला पण बोलवायचे ऐकायला. मला काय डोंबल कळतंय त्यातलं. म्हणायचे, गफूर, या भिंतीच्या पलीकडे मी राहतो. मी म्हटलं, चाचा, आता तुमचं वय झालं."

कमलाकरनं स्टुलाची कड धरली. मग बारीक आवाजात म्हणाला, "मग मी रेकॉर्ड लावली की भिंत का ठोकायचे?"

"वाजवायचे." गफूरला या प्रश्नाचंच नवल वाटलेलं दिसलं. "मुसलमान झाले तेव्हाच त्यांनी ते सगळं सोडलं होतं, साहेब. तौबा केली, ड्रमला परत हात लावला नाही. पण त्यात एक जागा यायची म्हणे, जवानीत त्यांनी सोडून दिलेली. तेवढीच एका बोटानं भरायचे. भिंत म्हणजे काही ड्रम नाही, असं म्हणायचे आणि हसायचे."

स्टुलाची कड कमलाकरच्या हातात होती, ती त्यानं सोडली नाही. ठोका पडला की त्याचा हात आवाजाच्या बटणाकडे जायचा. आवाज कमी. मग ठोका हळू. आणखी कमी. आणखी हळू. वर्षानुवर्षं दोघं एकमेकांपासून असे पाय न वाजवता दूर जात राहिले होते. ठोका नेमका कुठे पडतो, हे या तबला शिकलेल्या माणसानं एकदाही ऐकलं नव्हतं. तो फक्त चिडायचा. एवढं खुपतं तर कानात कापूस घाल म्हणावं थेरड्याला, असं भिंतीकडे तोंड करून म्हणायचा. त्याचं प्रेशर वाढायला लागलं तेव्हा शर्मिलानं, बायकोनं, त्याला हेडफोन आणून दिले.

"शेवटी शेवटी तर माझं बंद होतं," तो म्हणाला. "हेडफोन लावायचो. बाहेर काही ऐकू जात नव्हतं. तरी ठोकायचे."

गफूरनं मान खाली घातली. "ते विचारायचे, साहेब. आज लावत नाही का म्हणून."

"मग बेल वाजवायची."

"मी पण तेच बोललो. तर म्हणाले, तौबा केलेली वस्तू लोकांच्या दारात जाऊन मागायची कशी? भिंतीतून आली तर ती अल्लानं पाठवली."

अजान झाली. नमाजाच्या वेळी दुकान बंद ठेवायची सक्ती आता राहिलेली नाही, पण गफूरनं शटर अर्धं ओढलं. कमलाकर वाकून बाहेर पडला.

घरी शर्मिला जेवणाच्या टेबलाशी मेथी निवडत बसली होती. तो फोटो आणि ते रेकॉर्डचं कव्हर कालपासून तिथेच पडलं होतं. तिनं ते हलवलं नव्हतं, त्याला वळसा घालून जुड्या ठेवल्या होत्या. कमलाकरनं चपला काढल्या नाहीत. सरळ जाऊन त्यानं तळघरातली ती शेवटची रेकॉर्ड लावली, आवाज कधी नव्हे इतका चढवला आणि भिंतीला कान लावून उभा राहिला.

ब्रश अंगण झाडू लागला. पियानो आला, खोकला आला. सम आली.

भिंत गार होती. पलीकडे काही नव्हतं. पुढच्या आवर्तनाला त्यानं बोट उचललं, पण ते भिंतीला टेकवेना.

"त्या इजिप्शियनांचंच काम आहे," तो मागे न वळता म्हणाला. "उद्या जातो मी त्यांच्याकडे. जाब विचारतो."

"ते मागच्या उन्हाळ्यातच कैरोला गेले," शर्मिला म्हणाली. "घर रिकामं आहे ते. तुम्हाला कधी काय कळतं."

कमलाकर वळला. तिचे हात मेथीत होते, पण ती पानं खुडत नव्हती.

"मी केली तक्रार. तुमच्या फोनवरून. ॲप तुमच्याच नावावर आहे."

त्याला वैभवची ती नजर आठवली. खुर्चीची पाठ धरून तो उभा राहिला.

शर्मिला आधी हळू बोलत होती, मग तिला थांबवेना. गाणं चालू असताना ठोकायचे तेव्हा समजत होतं, असेल त्रास. पण घरात चिडीचूप असताना म्हातारा भिंत ठोकायला लागला, तेव्हा आपल्याला भीती वाटली. वेडाबिडाचा झटका आला तर काय, असं वाटलं. हलवा असं लिहिलं नव्हतं, एकदा बघून जा, एवढंच लिहिलं होतं. पुढचं त्या वर बसलेल्यांनी केलं. आणि हा माणूस जाईल तर बरं, हे या घरात रोज संध्याकाळी कोण म्हणायचं?

"मला न विचारता?" कमलाकर म्हणाला.

"विचारलं होतं."

तिनं हात पुसले. उठून त्याच्या आरामखुर्चीपाशी आली आणि खुर्चीसमोर उभी राहिली, तेव्हा उभी राहिली असेल तशी.

"इथे बसला होतात. कानाला हेडफोन, डोळे अर्धे मिटलेले. पलीकडून ठोके चालू होते. मी फोन हातात धरून अशी समोर उभी राहिले आणि विचारलं, करू का तक्रार? आणि तुम्ही मान डोलावलीत. एकदा नाही, दोन-तीनदा."

मागे रेकॉर्ड चालूच होती. पुन्हा ती जागा जवळ येत होती.

"काल तो फोटो बघितल्यापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही," शर्मिला म्हणाली. "मला झोप लागलेली नाही. ऑफिसवाल्यांना तुम्ही नाव विचारलंत, आता माझ्या तोंडाकडे बघून मला सांगा. ती मान मला होती, की तुमच्या कानात ड्रम वाजवत होते त्यांना?"