रंगाखाली गेलेली लाल रेघ

मी एक जुनी फिन आहे. मित्रांनो, आत येताना दार नीट लावलंत ना? ते वाऱ्याने आपटलं की ही भिंत हादरते, आणि मी ज्या खिळ्यावर टांगलेली आहे तो खिळासुद्धा. खिळा पक्का आहे असं ताई म्हणतात. असेल. पण पक्क्या म्हटलेल्या गोष्टी कशा निसटतात ते मी डोळ्यांदेखत पाहिलं आहे, त्यामुळे माझा जीव सदा टांगणीलाच असतो.

फिन म्हणजे काय, ते आधी सांगते. नदीत पाणी उथळ असलं आणि तळाला दगडगोटे असले की साध्या मोटरबोटीचं काही चालत नाही. तिचा पाण्यातला पंखा पहिल्याच दगडावर तुटतो. म्हणून तिथे जेटची मोटर लावतात. तिच्या पोटाखाली एक जाळी असते. मोटर त्या जाळीतून पाणी ओढून घेते आणि मागे जोराने फेकते, की बोट पुढे पळते. पण या मोटरला एक वाईट खोड आहे. बोटीचा तळ सपाट असेल तर कडेने हवेचे बुडबुडे आत येतात आणि मोटर पाण्याबरोबर हवाही पिते. मग ती नुसती ओरडते, काम काही करत नाही. अशी माणसंही तुम्ही पाहिली असतील. तिला हवा पिऊ द्यायची नाही, हे आमचं काम. जाळीच्या उजवीकडे एक फिन आणि डावीकडे एक, पाणी पिताना तोंडाशी ओंजळ धरावी तशा.

मी डावी. माझी जुळी बहीण उजवी.

आम्ही दोघी एकाच दिवशी, एकाच ओतकामाच्या कारखान्यात, वाळूच्या साच्यातून बाहेर पडलो. माझ्या अंगात कुणाच्या तरी जुन्या पातेल्याचं ॲल्युमिनियम आहे, असं मला नेहमी वाटतं, कारण तापायला लागलं की उतू जाण्याची भीती वाटते. एका म्हाताऱ्या कारागिराने कानस घेऊन आमच्या कडा घासल्या. मी तेव्हाही घाबरले होते, जास्त घासलं तर काय, म्हणून. बहीण मात्र मजेत होती. "तू उगाच जिवाला घोर लावून घेतेस," हे तिचं वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

मग आम्ही या दुकानात आलो. हे दुकान ताईंचं. मोटर दुरुस्त करणाऱ्या त्या इथे एकट्याच, आणि लहानथोर सगळे त्यांना ताईच म्हणतात. फळीवर आमच्यासारख्या सहा जोड्या होत्या, लहानमोठ्या. एके सकाळी एक गृहस्थ आले आणि दारातूनच म्हणाले, "ताई, त्यातली सगळ्यात मोठी जोडी द्या. मला निघायचंय." त्यांना नेहमीच निघायचं असे. म्हणून त्यांचं नाव पडलं होतं घाईकाका. ते आरोग्य केंद्राची बोट चालवत. नदीच्या वरच्या वस्तीतून आजारी माणसांना खालच्या दवाखान्यात आणणं हे त्यांचं काम, तेव्हा घाई अगदीच उगाच नव्हती.

"बसा," ताई म्हणाल्या. "मोटर केवढी आहे? तळ सपाट की निमुळता? माणसं किती बसतात?"

"मोठी लावली की झालं ना!"

"काका, मोठी चप्पल घातली म्हणून पाय मोठा होत नाही. माणूस अडखळतो मात्र. मोठी फिन तळाच्या खाली लोंबेल आणि पहिल्या दगडाला आपटेल."

काका बसले. ताईंनी बाहेर उभ्या असलेल्या त्यांच्या बोटीच्या मोटरची जाळी मापली, फळीवरून आम्हाला उतरवलं आणि जाळीच्या कडेला लावून पाहिलं. बोटीच्या तळाला एक लांब पट्टी धरून आमची पुढची कड त्या पट्टीला टेकते का ते बघितलं. सुईभर फट होती. ताईंनी आम्हाला काढून पुन्हा बसवलं, आणि काका घड्याळ बघत राहिले. प्रत्येकीला तीन बोल्ट. बोल्टच्या आट्यांना ताईंनी एक निळं औषध लावलं. ते वाळलं की बोल्ट थरथरीने सैल होत नाही. शेवटी त्यांनी खिशातून लाल नेलपॉलिशची बाटली काढली आणि प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून आमच्या अंगावर एकेक रेघ ओढली.

"हे काय, नटवताय होय?" काकांनी विचारलं.

"बोल्ट जरासा जरी फिरला तरी ही रेघ तुटलेली दिसेल. रोज सकाळी वाकून बघायची. रेघ तुटली, नाहीतर दिसेनाशी झाली, तर बोट पाण्यात घालायची नाही. मला बोलवायचं."

मित्रांनो, ती लाल रेघ मला फार आवडली. आयुष्यात पहिल्यांदा माझी काळजी माझ्याखेरीज आणखी कुणीतरी करणार होतं.

आणि काकांनी ती खरंच केली. दोन वर्षं रोज सकाळी ते गुडघ्यावर बसून सहाही रेघा बघत. पाय मोडलेले, ताप चढलेले, भाजलेले असे कितीतरी लोक आम्ही खाली पोचवले. बरोबर नर्सबाई असत. त्या एकदा म्हणाल्या, "ही बोट हल्ली वळणावर अडखळत नाही हो." त्या दिवशी बहीण अभिमानाने फुगली आणि मला वाटलं, आता दृष्ट लागणार.

वर्षाकाठी एकदा काकांची लेक सुट्टीला माहेरी येई. बरोबर जावई आणि त्यांची पाच वर्षांची मुलगी. ती सारखी चिवचिवत असे, म्हणून तिला सगळे चिमणी म्हणत. तिला दम्याचा त्रास होता. जावई पाट्या रंगवणारे, मोठे मेहनती आणि हौशी. चार दिवस रिकामे बसल्यावर त्यांचे हात शिवशिवू लागले. एक दिवस काका बाजारात गेले असताना त्यांनी बोट काठावर ओढली, उलटी केली आणि सगळी निळीशार रंगवून काढली. काम चोख. इतकं चोख, की मागची बाजूही रंगली पाहिजे म्हणून त्यांनी बहिणीला खोलून काढलं, रंगवलं आणि बोल्ट पुन्हा आवळले. निळं औषध त्यांना ठाऊकच नव्हतं. मला खोलायला निघाले, तेवढ्यात लेकीने जेवायला हाक मारली. म्हणून मला जागच्या जागी रंगवलं. सहाही लाल रेघा रंगाखाली गेल्या.

काका आले. बोट पाहून हरखले. मग सवयीने गुडघ्यावर बसले आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी बहिणीच्या बोल्टवर बोट फिरवलं. रेघ नव्हती. खोलल्याच्या खुणा मात्र स्पष्ट होत्या.

"कसं काय झालंय, बाबा?" जावयांनी विचारलं. त्यांच्या कपाळालाही निळा रंग लागला होता.

मी मनात ओरडत होते, सांगा काका, सांगून टाका! काकांनी एकदा त्या कपाळाकडे पाहिलं.

"वा, जावईबापू," ते म्हणाले. "काय हात आहे आपला! नवीकोरी झाली."

जावयाला नावं कशी ठेवायची? ताईंना बोलवावं तर जावयांसमोर सगळा रंग खरवडला जाणार. सुट्टी संपेपर्यंत थांबू, चार दिवसांचा तर प्रश्न, असं काका रात्री बायकोजवळ बोलले, हे मी पुढे ऐकलं. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. काकांना ही म्हण पाठ होती. दुसऱ्यांना ते नेहमी ऐकवत.

दुसऱ्या दिवशीपासून बहीण खुळखुळू लागली. आधी अगदी बारीक. "अगं, तुझा पुढचा बोल्ट फिरतोय," मी म्हटलं. ती म्हणाली, "माझा रंग तर बघ आधी!" तिसऱ्या दिवशी पुढचा बोल्ट गळून गेला. काका सकाळी वाकले, पण बोल्ट गळालेलं भोकही आतून निळंच; निळ्यावर निळं त्यांना काय दिसणार? चौथ्या दिवशी बहीण मला काहीच म्हणाली नाही. तेव्हा मी खरी घाबरले.

त्याच दुपारी चिमणीला दम लागला. वस्तीतलं औषध देऊन झालं, तरी श्वास घशात अडकत होता. नर्सबाई म्हणाल्या, "हिला ताबडतोब खाली न्यायला हवं." बोटीत वजन नको म्हणून लेक काठावरच थांबली. चिमणी जावयांच्या मांडीवर, शेजारी नर्सबाई आणि मोटरपाशी काका.

नदीत एका डाव्या वळणावर मोठा खडक आहे. तिथून मान खाली घालून जावं लागतं, म्हणून बोटवाले त्याला सासूबाई म्हणतात. त्या वळणाच्या जरा अलीकडे बहिणीचा दुसरा बोल्ट तुटला. ती एका बोल्टवर गरकन फिरली. तिने मला हाक मारली की नाही ते मोटरच्या आवाजात कळलं नाही. मग ती नव्हतीच.

बोट डावीकडे वळली तशी उजवी बाजू उचलली गेली आणि तिथून मोटरने भसाभसा हवा प्यायला सुरुवात केली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मोटर किंचाळत होती, बोट जागची हलत नव्हती, वळत नव्हती, आणि प्रवाह आम्हाला आडवं करून सासूबाईंकडे नेत होता.

"काका, थांबू नका!" नर्सबाई म्हणाल्या. "हिचे ओठ निळे पडायला लागलेत."

काकांना एका क्षणात कळलं, काय गेलं आणि का गेलं.

"उजवीकडे बसा, जावईबापू, आपण जरा..." ते म्हणाले. मोटरच्या आवाजात जावयांना ऐकू गेलं नाही. मग काका उभ्या आयुष्यात बोलले नव्हते तसे ओरडले, "अरे, उजवीकडे बस! कडेला! बस म्हणतो ना!"

जावई चिमणीला घेऊन उजव्या कडेला सरकले. नर्सबाईही सरकल्या. उजवी बाजू पाण्यात दबली आणि हवेची वाट बंद झाली. काकांनी मोटरचा वेग उतरवला. माझ्या एकटीच्या आधाराने मोटरने एक घोट पाणी घेतलं, मग आणखी एक. सासूबाई हातभर अंतरावरून गेल्या. पुढे सगळे तसेच कडेला चिकटून बसले आणि बोट निम्म्या वेगाने गेली. तेवढ्या वाटेत मी फक्त चिमणीचा श्वास ऐकत होते. तो येई, थांबे, पुन्हा येई.

दवाखान्यात तिला प्राणवायूची नळी लावली. संध्याकाळी ती म्हणाली, "आजोबा, भूक लागली." तेव्हा काकांचा जीव भांड्यात पडला, आणि माझाही.

काठावर जावई वाकून बोटीचा तळ बघत होते. बहिणीच्या जागी तीन भोकं होती. "बाबा, ती फिन मीच खोलली होती," ते म्हणाले. "तुम्हाला दिसलं होतं ना?"

"दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

जावयांनी त्या भोकांवरून बोट फिरवलं. "वाटलं असतं, बाबा," ते म्हणाले. "दोन दिवस वाटलं असतं."

मग त्यांनी खिशातला चाकू काढला आणि माझ्यावरचा रंग खरवडला. खाली माझ्या तिन्ही लाल रेघा जशाच्या तशा होत्या.

ताईंनी बोटीला नवी जोडी बसवली. जुन्या एकटीशी नवीचा मेळ बसत नाही, म्हणून मी या खिळ्यावर आले. नवं गिऱ्हाईक आलं की ताई मला खाली काढतात आणि माझी गोष्ट सांगतात. माझी बहीण सासूबाईंच्या पायथ्याशी गोट्यांमध्ये पडून असेल. तिचा निळा रंग अजून टिकला असेल का, याचीही मला काळजी वाटते.

चिमणी आता सात वर्षांची आहे. ती सुट्टीला आली की बोट इथे येते, ताई बोल्ट आवळतात आणि नेलपॉलिशची बाटली तिच्या हातात देतात. रेघा ती ओढते, जीभ बाहेर काढून, एकेक करत. मग विचारते, "आजोबा, दिसतात का?" काका लांबूनच "हो हो" म्हणतात, कारण त्यांना निघायचं असतं. ती बाटली बंद करून तिथेच उभी राहते. काका परत येतात, गुडघ्यावर बसतात आणि सहाही रेघांवर बोट ठेवून मोजतात.

मित्रांनो, आमची काळजी घ्या, पुसा, धुवा, हवं तर रंगवाही. पण एखादी रेघ दिसेनाशी झाली, तर समोरच्याला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका. आणि आता जाताना दार जरा हळू लावा.