रापीचा आवाज

"मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की," असं वकीलबाईंनी माझ्या प्रतिज्ञापत्राचं पहिलंच वाक्य टाइप केलं होतं.

"खोडा ते," मी म्हटलं. "मी काही पाहिलं नाही. माझी पाठ होती."

वकीलबाई माझ्या भाचीच्या वयाच्या. चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे बघतच राहिल्या. "मावशी, दहा पावलांचं तुमचं दुकान. त्यात मारामारी झाली, माणसाचं मनगट मोडलं, आणि तुम्ही पाठ करून बसलात?"

"बसले. वळले तेव्हा पुस्तकं दाबायच्या शिकंज्याचा दांडा लांब्याच्या हातात होता आणि तो चिटणीस खाली बसून बोंबलत होता."

आमचं दुकान पुस्तकबांधणीचं. लांब्या आणि मी, दोघंही मास्तरांच्या हाताखाली शिकलो आणि त्यांच्यामागे दोघांनीच ते चालवलं. त्या दिवशी कुठल्याशा सोसायटीचा चिटणीस सभांच्या नोंदींचं बांधीव पुस्तक घेऊन आला. त्यातलं एक पान गुपचूप काढून पुन्हा जसंच्या तसं बांधून हवं होतं त्याला. लांब्या नाही म्हणाला. शब्दाला शब्द लागला, चिटणिसानं दाबाचं लोखंडी वजन उचललं, लांब्यानं दांडा फिरवला. आता तो चिटणीस पोलिसांत सांगतो की लांब्याच आधी रापी घेऊन अंगावर आला. रापी म्हणजे आमची चामडं कापायची रुंद सुरी. त्याचं म्हणणं खरं ठरलं तर लांब्या जामिनावरून थेट तुरुंगात, वयाच्या बासष्टाव्या वर्षी.

"म्हणून तर म्हणते," वकीलबाई हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही पाहिलं असतंत तर बरं झालं असतं."

मोह झाला, खोटं कशाला बोलू? एक ओळ तर होती. पण वकीलबाईंनीच पुढे सांगितलं, "तुमच्या भागीदारांनी निरोप दिलाय. म्हणाले, तिला सांगा, पाहिलं नाही ते लिहू नकोस."

बघा! माणूस बुडतोय, तरी शिकवणी चालूच. आणि तीही निरोपातून. कारण अकरा वर्षं आमचा अबोला होता. मास्तर गेले त्या वर्षी एका पुस्तकाची शिवण बघून हा म्हणाला, "मास्तरांचा हात काही तुझ्या हातात उतरला नाही." मी म्हटलं, "आणि त्यांची जीभ तुझ्या तोंडात उतरली नाही, ते कसं लपवशील?" झालं. त्याच दिवशी मी माझं मेज भिंतीकडे फिरवलं. तेव्हापासून दोघांच्या पाठीला पाठ. दोरा संपला की मी पानं चिकटवायच्या सरसाच्या भांड्याला सांगायचे, "दोरा संपलाय बरं का." दुसऱ्या दिवशी दोरा हजर.

"मग ऐकलंत काय, ते सांगा," वकीलबाई म्हणाल्या.

ऐकलं मात्र सगळं. मास्तरांनी आम्हांला कानानंच शिकवलं होतं. बांधलेलं पुस्तक कानाशी धरून उघडायचे. पाठ कुरकुरली की म्हणायचे, "कच्चं आहे, उसवा." मी सतरा वर्षांची, लांब्या एकोणीसचा. सरसाच्या त्या वासात, डबा मांडीवर घेऊन, आम्ही एकमेकांची पुस्तकं कानाशी धरून हसायचो. काय दिवस होते ते! भूक लागायची तीसुद्धा छान वाटायची.

मास्तरांच्या डाव्या करंगळीला टोक नव्हतं. कोणाच्या तरी नमस्काराला उत्तर द्यायला मान वर केली आणि रापी फिरली, एवढंच. म्हणून दुकानाचा कायदा होता: आधी रापी खाली, मग तोंड वर. कोणाशीही बोलायचं असलं तरी रापी आधी मेजावरच्या लाकडी ठोकळ्यात रोवायची. विसरलं की दिवसभर सरस ढवळायची शिक्षा. माझ्या नशिबी ती फार यायची, माझं तोंड आधी सुटायचं ना. लांब्याला एकदाही झाली नाही.

"चिटणीस म्हणाला, एक पान काढायचंय," मी सांगू लागले. "मग खट् झालं. रापी ठोकळ्यात गेली. त्यानंतर लांब्या बोलला, 'जमणार नाही.' मग आरडाओरडा. मग फरशीवर वजन घासल्याचा आवाज. लांब्या म्हणाला, 'ते खाली ठेवा.' दोनदा म्हणाला. मग हाड मोडलं."

"रापी परत उचलली असेल तर?"

"उपसताना लाकूड धरून ठेवतं, किर्र वाजतं. तो आवाज आला नाही. वळले तेव्हा रापी ठोकळ्यातच होती."

वकीलबाईंची बोटं भराभर चालली. मला आतून लाज वाटत होती. दोनदा 'खाली ठेवा' ऐकूनही मी वळले नव्हते. याच्या भांडणात मी कशाला पडू, अशी ऐट. ती बोच अजून जात नाही. तेही लिहून घ्या म्हटलं, अबोल्यासकट.

"बरंच झालं," त्या म्हणाल्या. "मैत्रिणीनं सांगितलेलं कोणी मानणार नाही. पण समोरचे वकील एक विचारतील. बोलण्याआधी रापी ठेवतात हे ठीक. पण रापी ठेवली आणि बोललेच नाहीत, असं कधी झालंय?"

मी "छे" म्हणणार होते. तेवढ्यात आठवलं.

"झालंय," मी म्हटलं.

"कितीदा?"

"रोज. दिवसातून एकदा तरी. खट् वाजायचं, मग बराच वेळ काही नाही, मग किर्र. मला वाटायचं, हात दुखत असेल मेल्याचा."

"तेव्हा दुकानात कोण असायचं?"

"कोणी नाही. आम्ही दोघंच."

वकीलबाईंनी टाइप करणं थांबवलं. अकरा वर्षं, रोज. मी पदर तोंडाला लावला आणि त्या परक्या खोलीत, फायलींच्या ढिगापुढे, लहान पोरीसारखी रडले. त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

"हे लिहू?" त्यांनी विचारलं.

"लिहा. खरं आहे ते."

मग त्यांनी सगळं वाचून दाखवलं, मी शपथ घेतली आणि प्रत्येक पानावर सही केली. खटला पुढे चार महिने चालला. न्यायाधीशांनी माझं प्रतिज्ञापत्र दोनदा वाचलं म्हणे, आणि लांब्या सुटला. पण त्याला अजून वेळ होता. सहीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी दुकान उघडून भिंतीकडे तोंड करून बसले. लांब्या आला, कामाला लागला.

तासाभरानं पाठीमागे खट् झालं.

मी हातातली सुई मेजावर ठेवली आणि स्टूल फिरवलं. केवढा पिकला होता हा! रिकामे हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत होता.

"बोल रे," मी म्हटलं.

त्यानं घसा खाकरला.

"दोरा संपलाय," तो म्हणाला.