वाट दे

मी एक जुनी पंचिंग बॅग आहे आणि मित्रांनो, मला राग आला आहे. जिला जन्मभर लोक बडवतात तिने रागावू नये, असा काही नियम नाही.

जाड कातडे शिवून, पोटात चिंध्या ठासून मला बनवले आणि एका व्यायामशाळेत छताला साखळीने टांगले. इथे शिकवतात त्या खेळात ठोसे चालतात, लाथा चालतात आणि समोरच्याचे पाय धरून त्याला पाडणेही चालते. शिकवायला नवरा-बायको होते. सगळे त्यांना काका-काकू म्हणत. काका पकडी शिकवत. ठोसे आणि पाय काकूंकडे.

काकू मला ढकलून द्यायच्या. पाय धरायला कोणी धावून यावे तशी मी शिकणाऱ्याच्या अंगावर जायची. मग त्या म्हणायच्या, "वाट दे." म्हणजे सरळ मागे पळायचे नाही, मागे भिंत असते. पायात पाय अडकवायचा नाही. छोटे पाऊल बाजूला टाकायचे आणि मी शेजारून जाताना एक सरळ ठोसा द्यायचा. हात लगेच हनुवटीशी परत. ठोशामागे जो सगळे वजन फेकतो तो स्वतःच पुढे कलतो, आणि कललेल्याच्या खाली शिरणे सोपे. कोणी धडपडून माझ्यावर चिडला की काकू म्हणत, "अंगण सरळ आहे बाळा, तुझे पाय वाकडे."

काकू गेल्या. काका यायचे थांबले. किल्ल्या त्यांच्या पुतण्याकडे आल्या. माझ्या झोक्यांमुळे त्याचे ठोसे मारतानाचे फोटो बिघडत, म्हणून त्याने मला खालून दोरीने जमिनीतल्या कडीला आवळले. भिंतीवर काकूंचे दोन शब्द रंगवलेले होते. ते त्याला भित्रे वाटले. 'दे' खोडून त्याने 'लाव' लिहिले. वाट लाव. शिकवण उलटी झाली आणि कोणाला काही वाटले नाही.

मग मुले पाय रोवून मला बदडू लागली आणि पुतण्या वाहवा करू लागला. बांधलेली मी कोणाच्या अंगावर जाणार? मुले बाहेर लढायला जात आणि भुईवर आदळून परत येत.

त्यातच एक उंच मुलगी होती. तिला सगळे शिडी म्हणत. काकूंकडे तिने जेमतेम सुरुवात केली होती. मागच्या लढतीत ती पडली आणि तिचा खांदा निखळला. तिची आई घरी कपडे शिवायची. संघाच्या निवडीची लढत आमच्याच हॉलमध्ये ठरली, तेव्हा आईने बजावले, "ही शेवटची. परत खांदा घेऊन आलीस तर हे हातमोजे उसवून त्यांची पिशवी शिवेन."

पहिल्या फेरीत शिडीने जीव खाऊन ठोसा फेकला. समोरची खाली वाकली, पायांत शिरली आणि शिडी धाडकन पडली. पुतण्या ओरडतच होता, वाट लाव म्हणून.

मधल्या विश्रांतीत दारातून काका आत आले. शिडीच्या आईनेच त्यांना घरी जाऊन, चार शब्द सुनावून आणले होते. ते शिडीपुढे बसले.

"काकू काय सांगायची तुला?"

शिडीने भिंतीकडे पाहिले.

"तिकडे नको बघू. तिथलं खोडलंय."

"वाट दे," ती हळूच म्हणाली.

"मग दे की."

दुसऱ्या फेरीत समोरची झेपावली तेव्हा शिडी तिथे नव्हती. ती बाजूला होती आणि तिचा ठोसा कपाळावर बसला होता. पुन्हा झेप, पुन्हा हाती वारा. समोरची दमली. शिडी पुन्हा पडली नाही आणि संघात निवडली गेली.

आणि पुतण्याने काय करावे? माझ्या पाठीवर थाप मारून तो पाहुण्यांना सांगू लागला की हा सगळा या बॅगेवर कमावलेल्या ताकदीचा प्रताप. माझी चिंधी अन् चिंधी पेटली.

काका पुढे आले. माझ्या पायाशी बसून दोरी सोडू लागले. गाठ सुटेना. "सरका भाऊ," म्हणत शिडीच्या आईने कात्री काढली आणि दोरी कापली. काकांनी मला ढकलले. पुतण्या समोरच छाती काढून उभा होता. त्याने वाट दिली नाही. तो बसलेला दिसला तो थेट जमिनीवर.

मित्रांनो, तुम्ही मला पुसता, तेल लावता, उसवले तर शिवता. ती काळजी पुरत नाही. माझे कामच अंगावर येण्याचे आहे, ते मला करू द्या. आणि शिकवणारे माणूस गेले तर त्याचे शब्द तरी बदलू नका. तेवढेच मागे राहिलेले असतात.