पंपाची खंडेनवमी

वच्छलाबाईनं संडासात बादलीभर पाणी ओतलं आणि ते खाली जायच्या ऐवजी गुडगुडत चार बोटं वर आलं. तिनं बादली तिथंच ठेवली, पदर खोचला आणि पुढच्या खोलीत डोकावून पाहिलं. नऊ दिवसांचं बाळ कुशीत घेऊन लेक बाजेवर झोपली होती. बाजेपासून संडासाच्या दारापर्यंत सहा पावलं. आठ वर्षांपूर्वी एकदा हेच घाण पाणी उंबरा ओलांडून थेट बाजेच्या जागेपर्यंत आलं होतं. पण तेव्हा घरात तान्हं मूल नव्हतं. पायात चपला सरकवून ती निघाली ती नदीकाठच्या पंपघरापाशीच थांबली.

छावणीच्या खालच्या अंगाला, खाम नदीच्या काठावर उतरत गेलेल्या त्या चार गल्ल्या. त्यांत वच्छलाबाईचं घर सगळ्यात खाली. दीडशे घरांचं मैलापाणी उतारानं आपसूक येतं आणि पंपघराच्या खोल विहिरीत साठतं. शहराची मोठी गटारलाइन मात्र वर, रस्त्याच्या कडेनं. पाणी काही आपण होऊन चढ चढत नाही. त्याला उचलून वर टाकायचं काम पंपाचं. पंप थांबला की विहीर भरते, विहीर भरली की पाणी आल्या वाटेनं मागं फिरतं, आणि मागं फिरताना त्याला पहिलं दार लागतं ते वच्छलाबाईचं. पालिकेच्या साहेब लोकांना जे संध्याकाळी फोनवर कळायचं, ते तिला सकाळीच संडासात कळायचं.

पंपघर सांभाळणारा भिकन विहिरीच्या तोंडाशी, पंप ज्या साखळीला खाली टांगलेला तिला तळहात लावून उभा होता. बिडकीनकडच्या मेंढपाळ घरातला हा माणूस. बाप मेंढराच्या पोटाला हात लावून त्याचं दुखणं ओळखायचा, तसं हा साखळीच्या थरथरीवरून पंपाचं ओळखायचा. चौदा वर्षं झाली त्याला इथं.

"आलीस व्हय मावशी? मला वाटलंच."

"पाणी वर यायलंय, भिकन. घरात बाळंतीण हाय."

"ठावं हाय. पंप फिरायलाय, पण पुरतं उचलत नाय. पंख्यात काहीतरी गुतलंय. मोटर तापून वास यायलाय बघ."

"मग दुसरा लाव की."

"दुसरा तीन आठवडे झाले वायंडिंगला गेलाय. हा जळला तर चार दिवस काही खरं नाय."

उपाय एकच होता. पंप बंद करायचा, साखळीनं वर ओढायचा, खोलून साफ करायचा. दीड तासाचं काम. पण विहीर पाऊण तासातच काठोकाठ भरणार होती, कारण आज सातव्या दिवशी नळ आले होते आणि घराघरात सणाची धुणी निघाली होती.

"लोकांना सांग की, दीड तास पाणी सोडू नका म्हनावं."

भिकन हसला. "गटारात कपडा टाकू नका म्हनून फाटकावर पाटी लावली होती मी. तिच्यावर कुणी क्लासची जाहिरात चिकटवली. माझं कोण ऐकतंय?"

वच्छलाबाईची नजर फाटकाबाहेर गेली. समोर रस्त्यावर गल्लीतल्या बन्सीची रिक्षा धुऊनपुसून, झेंडूची माळ घालून उभी होती आणि बन्सी तिच्या सावलीत बसून दात कोरत होता. आज खंडेनवमी. हत्याराची पूजा करायची आणि त्याला दिवसभर आराम द्यायचा. भाड्याला कितीही गिऱ्हाईकं आली तरी बन्सी आज रिक्षाची चावी हातात घेणार नव्हता.

"तू दरसाल पंपाची पूजा करतोस ना?"

"करतो. एकाला आराम, दुसरा चालू. यंदा एकच हाय, त्याला कसा आराम देऊ?"

"आपुन देऊ," ती म्हणाली आणि गल्ली चढायला लागली.

शेजारच्या सरूबाईला तिनं दुसऱ्या गल्लीत पाठवलं, आशाबाईला तिसऱ्या. उरलेल्या दोन स्वतः घेतल्या. प्रत्येक दारात एकच सांगणं: "आज पंपाची खंडेनवमी हाय. धा ते साडेअकरा त्याला आराम. पाणी भरा, पर सोडू नका."

"गटाराच्या पंपाची कसली वं पूजा?" एक जण शिलाई मशीनला हळद लावता लावता म्हणाली.

"तुझं मशीन बंद पडलं तर एक बिलाऊज मागं ऱ्हाईल. ते बंद पडलं तर काय काय मागं यील, इचार कर."

बाई हसली आणि तिनं नळाखालचं धुणं बाजूला सारलं. वरच्या गल्लीत एक जण अंगाला साबण लावून बसला होता. त्याच्या बायकोनं बाहेरूनच ओरडून त्याला तसाच बसवला. नोटिशीला कुणी भीक घातली नसती. पण हत्याराचा आराम मोडायची कुणाची छाती नव्हती.

दहाला भिकननं पंप बंद केला. विहिरीत पडणारी धार मांडीएवढी होती ती मनगटाएवढी झाली, मग बोटाएवढी. भिकन वाकून पाहतच राहिला. चौदा वर्षांत ही धार त्यानं भर सकाळी इतकी बारीक पाहिली नव्हती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं ते बाहीनं पुसलं, लपवलं नाही.

बन्सी साखळी ओढायला आला. "रिक्षाला आराम हाय, मला नाय," म्हणाला. विहिरीत माणूस उतरत नाही. तिथली हवा माणूस मारते, म्हणून पंपच वर आणायचा. कचकच करत तो वर आला. भिकननं तो धुतला, खालची जाळी खोलली आणि पकडीनं पंख्यातला पिळा ओढायला लागला. वीत, दोन वीत, हातभर. हिरवं जुनं कापड, लाल काठ, आणि कडेनं काळ्या दोऱ्याची टीप.

वच्छलाबाईनं ती टीप लगेच ओळखली. दृष्ट लागू नये म्हणून तो काळा दोरा तिनंच घातला होता. तिच्याच लुगड्याचा तो लंगोट. धुऊनही निघेना एवढा खराब झाला, तेव्हा टाकायचा कुठं हा प्रश्न आला. तान्ह्या बाळाचं कापड उघड्यावर टाकत नाहीत, कुणाच्या हाती पडू देत नाहीत. गावी असती तर तिनं पुरलं असतं. इथं घराभोवती सगळं सिमेंट. चार दिवसांपूर्वी तिनं तो संडासात सोडला, वर दोन बादल्या ओतल्या आणि सुटले म्हणून हात धुतले.

भिकननं एकदा कापडाकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं. मग काठ आत जाईल अशी घडी घालून त्यानं ते घमेल्यात टाकलं आणि घमेलं पायानं मागं सरकवलं.

सव्वाअकराला पंप पुन्हा खाली गेला. कळ दाबल्यावर आधी घुमला, मग त्याचा आवाज भरदार झाला आणि वरच्या लाइनीत पाणी धडधडत पडायला लागलं. विहिरीच्या भिंतीवरची ओली खूण हळूहळू उघडी पडत गेली. तोवर गल्ल्यांतल्या बायका हळदीकुंकू घेऊन फाटकात जमल्या होत्या. पंप तर विहिरीच्या तळाशी. मग त्यांनी साखळीलाच कुंकू लावलं. जो तो वच्छलाबाईला नावाजत होता.

"काय निघालं वं एवढं?" आशाबाईनं विचारलं.

"गोणपाट," भिकन म्हणाला. "कुठून तरी व्हाऊन आलं असंल."

वच्छलाबाईला त्या माणसाबद्दल फार माया वाटली. घर वाचलं होतं, लेक झोपेतून उठलीसुद्धा नसेल, आणि वर हा तिची अब्रूही झाकत होता. गप्प बसली असती तर गोष्ट तिथंच मिटली असती. पण पुढच्या महिन्यात आणखी कुणाचं तरी कापड त्या पंख्यात गुतलं असतं, आणि त्यानं पुन्हा गोणपाटच सांगितलं असतं.

"गोणपाट नाय ते," ती म्हणाली. "माझं लुगडं हाय. बाळाचा लंगोट. मीच सोडला."

साखळीपाशी सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या. भिकन हळूच म्हणाला, "मावशी, ऱ्हाऊ दे की."

सरूबाईनं हातातलं हळदीकुंकू खाली ठेवलं. मग म्हणाली, "सोडू नाय तर काय करावं गं? आमी बी तेच करतो. पुराया कुठं माती हाय इथं?"

भिकननं पंपघराच्या मागं हात केला. "तिथं हाय. लई हाय. इथं आणून देत जा, मी पुरीन."

तो फावडं आणायला आत गेला. फावड्याला सकाळचं कुंकू लावलेलं होतं. वच्छलाबाईनं ते त्याच्या हातून घेतलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं.

"त्याला आज आराम दे," ती म्हणाली.

मग घमेलं घेऊन ती मागं गेली आणि हातांनी माती उकरायला बसली. थोड्या वेळानं सरूबाई पदर खोचून तिच्या शेजारी बसली.